लातूरच्या वायरीवर

साहेबांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा टेबलावर माझी प्रमाणपत्रं ठेवायला जागा नव्हती. तिथं केबलच्या काळ्या वायरीचं वेटोळं पडलं होतं. त्यांनी त्यातला हातभर तुकडा कापला, माझ्यापुढं टाकला आणि म्हणाले, "सोला मालक."

मी नांदेडहून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन आलो होतो. सेमिकंडक्टर म्हणजे काय, यावर अर्धा तास बोलायची तयारी करून आलो होतो. वायर उचलली आणि सवयीनं दातात धरली. लहान मुलाच्या तोंडातून खडू काढून घ्यावा तशी त्यांनी ती काढून घेतली आणि खिशातला चाकू माझ्या हातात दिला. "दातानं सोललेल्या जोडात गावाचा सगळा कचरा शिरतो. तुमच्यातबी ही खोड हाय, सगळ्यात हाय. उद्यापासून या."

एवढीच मुलाखत. अमेरिकेतल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत मी असा लागलो.

'मालक' हा शब्द त्यांनी मला मान म्हणून दिला असेल असं पहिले दोन दिवस वाटलं. मग कळलं, ते चहावाल्यालाही मालक म्हणत, बँकेच्या मॅनेजरलाही म्हणत. अमेरिकेहून कंपनीचे मोठे अधिकारी फोनवर यायचे, त्यांनाही. ते बिचारे पुढं तिकडं एकमेकांनाही 'मालक' म्हणू लागले होते. त्यांना वाटायचं की हा आमच्याकडचा नमस्कार आहे.

साहेब मूळचे देवणीकडचे. शिकून अमेरिकेला गेले, तिथं कंपनी अगदी नवी असताना तिच्यात शिरले आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर लातूरला परत आले. परत आले ते रिकाम्या हातानं नाही. कंपनीची एक शाखाच उचलून आणली. एका नावाजलेल्या कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या, पाच-सहा पोरं आणि यंत्रं. खाली माईकवर रसायनशास्त्र चालू असायचं. आमच्या फरशीतून ते वर यायचं. इतकी वर्षं झाली तरी मला बेंझिनच्या अभिक्रिया पाठ आहेत.

नवा माणूस आला की साहेब त्याला कंपनीचा इतिहास सांगत. तो ऐकल्याशिवाय त्याला यंत्राला हात लावू देत नसत. लग्न जुळवताना घराणं सांगतात तसा सांगत. तिकडं तिघे मित्र होते, टीव्हीच्या कारखान्यात नोकरीला. एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यावर त्यांनी खोली घेतली. खाली दाढा निघत, वर चिप. स्वतःचा कारखाना त्यांनी कधी काढला नाही. चिपचा नकाशा आपण काढायचा आणि तैवानकडच्या कारखान्यातून ती घडवून आणायची, असा धंदा. या कंपनीला तीन मुली, असं साहेब सांगत. थोरली सेट-टॉप बॉक्समधली चिप. वायरीतून आलेल्या आकड्यांचं चित्र करून दाखवणारी. "देखणी हाय, पण नुसती ऐकून घेती. उलट बोलत न्हाई." मधली केबल मोडेमची. ती त्याच वायरीवरून उलट बोलते, म्हणून इंटरनेट. आणि धाकटी ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचा माल इकडून तिकडं नेणारी. ती राबती. तिचं कौतुक कुणी करत नाही, ती बंद पडली की मात्र सगळे ओरडतात.

साहेबांचा जीव मधलीवर.

का, तेही ते सांगत. केबलवरून चित्र घरात येतं तेव्हा काम सोपं असतं. एका टाकीतून शंभर नळांना पाणी जावं तसं. पण मोडेमला घरातून वर बोलायचं असतं. तेव्हा शंभर घरांचा आवाज एकाच वायरीत गोळा होतो, आणि आवाजाबरोबर घाणही. एका घरात सैल जोड असला, मिक्सरची मोटर ठिणग्या टाकत असली, तर ती घाण सगळ्या गल्लीच्या वाट्याला येते. अमेरिकेतल्या वायरी जमिनीखाली, साफसूफ. आपल्या वायरी खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून चिंचेवर, चिंचेवरून खिडकीत.

"म्हणून मी हितं आलो," ते म्हणत. "लातूरच्या वायरीवर चाललं, तर चंद्रावर चालंल."

हे वाक्य त्यांनी अमेरिकेत वरिष्ठांना ऐकवलं होतं, आणि त्या एका वाक्यावर आमचं ऑफिस उभं होतं. त्यांच्या बोलण्यात शंका हा प्रकारच नव्हता. स्कूटरवर पुढं लहान मूल उभं राहतं त्या जागेत ते मोजणीचं यंत्र ठेवत, गोधडीत गुंडाळून. त्याची किंमत स्कूटरच्या किती पट होती ते आम्ही कधी त्यांना विचारलं नाही. खांबाशी थांबायचं, यंत्र लावायचं, त्याला जोडलेला छोटा भोंगा कानाशी धरायचा. खरखर ऐकून सांगायचे, ही गिरणी, ही शिलाई मशीन, हा सलूनमधला ड्रायर. चुकतही असत. एकदा गिरणी म्हणून ज्या घरात शिरले तिथं आठवड्यापूर्वी गिरणी विकली होती आणि पोरगा ड्रिल मशीन चालवत होता. साहेब म्हणाले, "मग गिरणीच्या खानदानातलीच हाय." आणि चहा पिऊन आले.

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी औसा तालुक्यातल्या एका गावचा. बारावीला लातूरला क्लाससाठी राहत होतो. तेव्हा आजच्याइतके क्लास नव्हते, पण सुरुवात झाली होती. गणपती विसर्जनाला गावी ये, असा दादाचा निरोप आला होता. दुसऱ्या दिवशी क्लासची चाचणी होती म्हणून मी गेलो नाही. त्या पहाटे भूकंप झाला. दादा आणि वहिनी दगडमातीच्या घरात होते. चाचणी काही झाली नाही. एवढंच आहे. मी गेलो असतो तर काय झालं असतं, हा हिशोब मी इतक्या वेळा मांडला आहे की त्याची आता मला सवय झाली आहे. मी त्यांना बाहेर काढलं असतं, असं मला वाटत राहतं. काढू शकलो नसतो हेही कळतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

साहेबांना हे मी सांगितलं नव्हतं. त्यांना कुणाकडून तरी कळलं असावं. ते कधी त्या विषयावर बोलले नाहीत. फक्त माझ्या गावाकडच्या खांबांवर काम निघालं की दुसऱ्या पोराला पाठवत.

तर मधलीची नवी आवृत्ती यायची होती. आधीपेक्षा वेगवान. नकाशा तयार होता, मोठ्या उत्पादनासाठी कारखान्याकडे पाठवायचा बाकी होता. एकदा पाठवला की बदलता येत नाही. चूक राहिली तर ती लाखो डब्यांत शिरून जगभर जाते. त्याआधी नमुन्याची चिप वेगवेगळ्या शहरांत तपासायची होती. बाकी सगळीकडून चांगला निकाल आला. लातूरला मोडेम बंद पडायला लागला. दहा मिनिटं नीट चाले, मग दिवा विझे, पुन्हा पेटे. तोही सगळीकडे नाही. आमच्या मागच्या एका गल्लीत.

साहेब आणि मी दोन दिवस त्या गल्लीत यंत्र घेऊन फिरलो. भोंग्यातून अधूनमधून 'चर्र' असा आवाज यायचा. ना गिरणी, ना मशीन. मग माझ्या लक्षात आलं की मोठ्या रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला की 'चर्र' होतं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ट्रक आणला.

गल्लीच्या टोकाला देशमुखकाकू राहायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या. त्यांच्या दाराच्या वर, आतल्या बाजूनं एक लाकडी पेटी होती. पेटीत एक पितळी लोलक लोंबत होता आणि त्याच्याभोवती, बोटभरही अंतर न सोडता, पितळी कडं. लोलक हलून कड्याला लागला की घंटी वाजणार. शेजारच्या घरातही तशीच पेटी. त्याच्या शेजारीही.

या घंट्या गफूरचाचांनी लावल्या होत्या. चौकात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. वडिलांपासून चालत आलेलं. भूकंपानंतर लातुरात घर पडलं नव्हतं अशी माणसंही महिनोन्महिने अंगणात, रस्त्याकडेला, पत्र्याखाली झोपत होती. छताखाली जायची कुणाची हिंमत होत नव्हती. चाचांनी ही पेटी बनवली. पण एका घरातला माणूस गाढ झोपेत असला तर त्याची एकट्याची घंटी काय कामाची? एक वाजली की गल्लीतल्या सगळ्या वाजल्या पाहिजेत. त्यासाठी घरोघर जाणारी एक वायर हवी. ती गल्लीत आधीच होती. केबल टीव्हीची. तिच्या आतल्या तारेभोवती जी जाळी असते, त्या जाळीला चाचांनी सगळ्या पेट्या जोडून टाकल्या.

"टीव्हीला काय धक्का न्हाई साहेब," चाचा म्हणाले. "चित्र एकदम साफ. मी स्वतः बघितलं."

चित्र साफच होतं. ते खाली येतं. ट्रक गेला की लोलक थरथरून कड्याला निसटता घासायचा. घंटीची हातोडी हलायच्या आत स्पर्श सुटायचा, म्हणून घंटी वाजत नसे. ठिणगीला मात्र तेवढा वेळ पुरत होता. ती ठिणगी जाळीतून शिरायची आणि घराघरातून वर बोलणारा मोडेम गप्प व्हायचा. ज्या जाळीनं आतल्या तारेचं बाहेरच्या घाणीपासून रक्षण करायचं, तिच्यातूनच ती येत होती.

साहेब खुर्चीवर बसले आणि मोठ्यांदा हसले. "चाचा, माझ्या मधलीला तुम्ही चांगली सासू आणली."

बंगळूरहून आमच्या विभागाचे मॅनेजर आले. बेळगावकडचे, त्यामुळे मराठी चांगलं बोलायचे. सरळ आणि हुशार माणूस. त्यांनी पेट्या पाहिल्या आणि निकाल दिला. हा चिपचा दोष नाही, वायरीचा आहे. कोणत्याही नियमात न बसणारी जोडणी. ती काढून टाका, चाचणी पुन्हा घ्या, निकाल पाठवा. ते जमत नसेल तर लातूरचा निकाल वगळून नकाशा कारखान्याकडे जाईल, आणि ज्या ऑफिसचे निकाल वगळावे लागतात ते ऑफिस ठेवायचं कशाला, असा प्रश्न वर विचारला जाईल.

"फील्डमध्ये चूक आहे, सर," ते म्हणाले.

"फील्ड चुकत नसतंय मालक," साहेब म्हणाले. "ते असतंय. आपण चुकतो."

मग साहेबांनी जे केलं ते त्यांनाच सुचू शकत होतं. त्यांनी मॅनेजरच्या हातात पक्कड दिली आणि त्यांना काकूंच्या घरी नेलं. म्हणाले, पहिली जोडणी तुम्ही काढा, पण घरधनिणीला विचारून. मॅनेजरांनी नीट समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. तीस वर्षं वर्ग शांत ठेवलेल्या आवाजात म्हणाल्या, "तोडा की. पण मग आज तुम्ही हितंच मुक्काम करायचा. माझ्या छताखाली. मी अंगणात झोपते."

मॅनेजर गडबडले. विचारलं, "काकू, ही घंटी कधी वाजली आहे का?"

"एकदाबी न्हाई. वाजली न्हाई म्हणून तर झोप लागती."

मॅनेजरांनी पक्कड टेबलावर ठेवली. मग साहेबांना म्हणाले की तुमच्याकडे दुसरा मार्ग असेल तर आत्ता सांगा.

मार्ग साहेबांच्या डोक्यात आधीच होता. नकाशा थोडे दिवस थांबवायचा आणि मधलीच्या बोलण्याची पद्धत बदलायची. एक निरोप सलग पाठवायचा नाही. त्याचे तुकडे करायचे, ते दुसऱ्या निरोपांच्या तुकड्यांत मिसळायचे आणि लांबवर पसरून पाठवायचे. ठिणगी पडली तर कुणाचाच निरोप पुरता जात नाही. प्रत्येकाचा थोडा जातो, आणि तेवढा उरलेल्यावरून भरून काढता येतो. ही युक्ती चिपमध्ये होतीच, पण अमेरिकेच्या स्वच्छ वायरीच्या मापाची. साहेबांना ती लातूरच्या मापाची हवी होती. मॅनेजरांना त्यांनी ते असं सांगितलं: "सगळं वऱ्हाड एका जीपमध्ये कोंबायचं न्हाई. मामा ह्या जीपमध्ये, मामी त्या. एक जीप पंक्चर झाली तरी लग्न लागतंय."

वर कळवलं गेलं. उत्तर आलं की थांबवतो, पण बदललेला नमुनाही त्या गल्लीत पडला तर लातूर बंद. साहेबांनी ते पोरांना वाचून दाखवलं आणि विचारलं, "कुणाला भ्या वाटतंय का?" मला वाटत होतं. मी हात वर केला नाही. पुढचे दिवस आम्ही त्या ठिणग्या टिपून तिकडच्या नकाशेवाल्यांना पाठवत राहिलो. ट्रकच्या, बसच्या, वरातीच्या ढोलाच्या. तिकडच्या पोरांनी त्या आवाजाला आपसांत 'लातूर' हेच नाव ठेवलं. पुढं ती चिप कुठं कुठं गेली. आजही दूरच्या कुठल्या तरी देशात एखादा इंजिनियर त्या चिपमधली एक सोय चालू करतो, तेव्हा ती कुणाच्या झोपेसाठी केली होती ते त्याला ठाऊक नसतं. साहेब निवृत्त होऊन देवणीला गेले. तिथं देवणी जातीचा वळू पाळतात आणि पाहुण्याला त्याची वंशावळ सांगतात. दोन पिढ्या ऐकल्याशिवाय चहा येत नाही.

पण मला सांगायचा आहे तो बदललेल्या नमुन्याच्या चाचणीचा दिवस.

ट्रकच्या ठिणग्यांवर नमुना उत्तम टिकला होता. कुणीही तिथंच थांबलं असतं. साहेब म्हणाले, ही सासूची कुरकुर झाली, आता भांडण लावून बघू. गल्लीतल्या सगळ्या घंट्या एकदम वाजवायच्या, आणि त्या वाजत असताना मोडेमला जोडलेल्या फोनवरून बंगळूरला बोलायचं. फोन तुटला तर आपण हरलो. मॅनेजरांनी विचारलं होतं, एवढं कशाला? साहेबांनी सांगितलं, की ज्या दिवशी ती घंटी खरी वाजेल त्याच दिवशी माणसाला फोन लागतो.

भर दुपारची वेळ ठरवली. चाचांनी घरोघर जाऊन सांगितलं की आज घंटी वाजेल, ती खोटी आहे, कुणी घाबरू नये, कुणी बाहेर येऊ नये. गल्लीतल्या हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या क्लासच्या पोरांनाही सांगितलं. मोडेम काकूंच्या बाहेरच्या खोलीत ठेवला, कारण ते वायरीचं शेवटचं टोक. साहेब फोन घेऊन उंबऱ्याशी उभे. माझं काम एकच. मोडेमच्या हिरव्या दिव्याकडे बघायचं, आणि तो विझला तर सांगायचं. काकू पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. साहेबांनी बंगळूरला मॅनेजरांना फोन लावला, चाचांना हात केला, आणि चाचांनी आपल्या दुकानातल्या पेटीचा लोलक बोटानं कड्याला दाबून धरला.

गल्लीतली प्रत्येक घंटी वाजली.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. मी दिव्याकडे बघत होतो एवढं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते हे की मी गल्लीच्या मधोमध उन्हात उभा होतो, अनवाणी, आणि देशमुखकाकू माझ्या दोन्ही हातांवर होत्या. त्यांच्या ओच्यातल्या शेंगा उंबऱ्यापासून माझ्यापर्यंत सांडल्या होत्या. मी एकटाच नव्हतो. सगळी गल्ली बाहेर आली होती. सगळ्यांना सांगितलेलं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळे बाहेर. हॉस्टेलची पोरं, हातावर कणीक असलेल्या बाया, एक म्हातारा खांद्यावर नातू घेऊन.

दिव्याची आठवण झाली आणि मी वळलो. माझी जागा रिकामी नव्हती. साहेब फोनची वायर ताणून आत गेले होते आणि माझ्या स्टुलावर बसून दिव्याकडे बघत होते. घंट्या चालूच होत्या. त्यांनी मान वळवून दारातून मला पाहिलं, काकूंना पाहिलं, आणि पुन्हा दिव्याकडे तोंड केलं. फोनमध्ये त्यांना घंट्यांवर ओरडून बोलावं लागत होतं, म्हणून ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"मालक, घंट्या ऐकू यायल्यात का? ... सगळ्या? ... मग पास."

चाचांनी हात काढला. एकदम शांत झालं. मी काकूंना सोडलं नव्हतं. मला वाटलं त्या रागावतील. त्या हलक्या होत्या, एखाद्या पोरीसारख्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या मानेवर हात ठेवून, वर्गात सगळ्यात मागं बसलेल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "घरात आणखी कुणी राहिलंय का?"

मी वळून दाराकडे पाहिलं. साहेब बाहेर येऊन पायरीवर उभे होते.

"न्हाई काकू," मी म्हणालो. "सगळे बाहेर हायेत."

"मग झालं. ठेव आता खाली."

मी त्यांना खाली ठेवलं.